आहेराच्या पाकिटातला रुपया

चाकणच्या कारखान्यात, पत्रा कापणाऱ्या प्रेस शॉपमध्ये साहेबरावांनी उभा जन्म वॉशर तपासण्यात घालवला. भोक जरा बाजूला गेलं की माल रिजेक्टच्या पेटीत. रिटायर झाल्यावर ते जुन्या नाण्यांच्या धंद्यात पडले, आणि गंमत बघा, इथं रिजेक्ट मालालाच जास्त भाव! टाकसाळीत ठसा चुकलेलं नाणं दिसलं की म्हातारा पोरासारखा उड्या मारायचा. बायको सरूबाई म्हणायच्या, "कंपनीनं फेकायला शिकवलं, अन् तुमी आता वेचत सुटलाय."

असाच एक रुपया त्यांना लई वर्षांच्या शोधानं गावला होता. छापताना कोरी चकती सरकलेली, म्हणून ठसा निम्माच उमटलेला. उरलेलं नाणं चंद्रकोरीसारखं कोरं करकरीत. रविवारी चिंचवडला नाण्यांचं प्रदर्शन होतं. टेबलाच्या मधोमध हाच ठेवणार, असं त्यांनी फोन करकरून साऱ्या दोस्तांना सांगून ठेवलं होतं.

आणि शनिवारी सकाळी बघतात तर डबी रिकामी!

"सरू! हितला रुपया कुठंय?"

"आहेराच्या पाकिटात घातला. समाधानभाऊंच्या मिनलचं लगीन हाय आज. नुसती नोट घालायची व्हय? वर रुपया नको?"

"अगं, घरात बरण्या भरून नाणी आहेत!"

"हायती की. एकावर राणी, एकाला भोक, एक निजामाचं. आजचा म्हणावा असा रुपया तेवढा एकच. भाजीवाला बी आता मोबाईलवरच पैसे घेतो, सुटे आणू कुठून?"

"पाकीट कुठंय?"

"शेजारच्या सुमनताई लग्नाला पुढं गेल्या, त्यांच्याजवळ दिलं."

साहेबरावांनी चप्पल कुठली कुठल्या पायात तेही बघितलं नाही. गाडी काढली आणि निघाले मारुंजीला. वाटेत पेट्रोल पंपावर एक धड रुपया मागून घेतला. दिला बदलून की काम फत्ते!

हॉलवर पोचले तर लग्न लागून पंगत बसलेली. नवरीचा बाप समाधान, प्रेस शॉपमधला जुना जोडीदार, हसत पुढं आला, "जयभीम राव! किती उशीर!" तेवढ्यात आहेराच्या टेबलावरून नवरीचा मामा, रोहिदास, ओरडला, "या व्यापारी या! नाण्यांचा धंदा तुमचा, अन् आमच्या पोरीला खोटा रुपया?"

एकच हशा पिकला. समाधान खाली बघायला लागला. मामानं रुपया वर धरून साऱ्यांना दाखवला. "अर्धाच छापलाय! हा घेऊन जा तुमचा, अन् चांगला द्या."

अहो, देवानं ताट वाढून पुढं ठेवलं म्हणा ना! साहेबरावांच्या मुठीत पंपावरचा रुपया घामानं ओला झाला होता. 'चुकलं' म्हणायचं, अदलाबदल करायची, पाठ फिरवायची. बस्स.

स्टेजवरून मिनल म्हणाली, "मामा, थट्टा पुरे. काकांनी दिलाय म्हणजे खोटा नसणार."

मूठ उघडेना. साहेबरावांनी एकदा पोरीकडं बघितलं, एकदा रुपयाकडं, आणि खिशातून भिंग काढलं.

"खोटा न्हाई पोरी, टाकसाळीचाच आहे. हे बघ, चकती इथं सरकली... समाधान, आपला वॉशर सरकायचा ना डायखाली, तसंच! लाखांत एखादा निसटतो बाहेर!"

झालं, गाडी सुटली. आवाज चढला, हात नाचायला लागले. पंगत अर्धी उठून भोवती जमली, भिंग या हातातून त्या हातात. जिलेबी गार पडली.

"मग किंमत किती याची?" मामानं विचारलं.

"शौकीन माणूस हजारांनी मोजेल," साहेबराव बोलून गेले आणि जीभ चावली.

मामानं रुपया झटकन मिनलच्या हातावर ठेवला. "मग आता बदलून मिळायचा न्हाई!"

सगळ्यांत मोठ्यानं साहेबरावच हसले. मग हळूच म्हणाले, "मिनल, उद्या एक दिवस प्रदर्शनात ठेवायला देशील?"

"देणार नाही काका," ती म्हणाली. "मीच घेऊन येते."

रविवारी टेबलामागं नवरा-नवरी बसलेली. भिंग मिनलच्या हातात, आणि "लाखांत एखादा" हे ती काकांपेक्षा मोठ्यानं सांगत होती. पुण्याचा एक शेठ नोटांची गड्डी काढून हटूनच बसला.

"आहेर आहे तो," मिनल म्हणाली. "विकायचा नसतो."

गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून जन्मात पहिल्यांदा खूश होऊन साहेबरावांनी शेठला चहा पाजला.