पावसानं ठेवलेलं मीठ

त्या पाडव्याला बाबा मीठ वाटायला निघाले आणि टोपली रिकामी न करता परत आले. त्यानंतर त्यांनी मीठ वाटलं नाही.

बाबांना जाऊन सव्वा महिना झाला. भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, "तुझे बाबा दिवाळीला मीठ द्यायचे, मग बंद का केलं गं?" मी सांगते, वय झालं होतं. ते खरं नाही.

आम्ही मोरव्याचे. खाडीला लागून आमचं लहानसं मिठागर होतं. उन्हाळ्यात मीठ पिकलं की त्याची रास करून ती गवताने शाकारायची. पावसाळाभर रास उघड्यावरच असायची. त्यातलं किती वाहून जाईल हे कोणाच्या हातात नसे. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे बाबा गवत बाजूला करत, राशीच्या पोटातलं मीठ टोपलीत घेत आणि घरोघर जात. मीठ हातावर द्यायचं नाही, भांडण होतं. म्हणून उंबऱ्यावर बदामाचं पान ठेवून त्यावर ओंजळभर मीठ ओतायचं. पानं धरायचं काम माझं. ओतताना बाबा प्रत्येक दारात म्हणत, "दर्यानं दिलं, पावसानं ठेवलं, गोड मानून घ्या."

गावातली एक म्हातारी त्यांना पाहिलं की आत ओरडायची, "आला गो खारा जावय! पाट मांडा!" बाबा म्हणायचे, "जावय हाय तर ओवाल ना मग." दर वर्षी तेच. मला कंटाळा यायचा. एकदा मी म्हटलं, "बाबा, प्रत्येक दारात तेच तेच काय बोलता?"

"दर्याला भरतीचा कंटाला येतो काय?" ते म्हणाले.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी मला त्यांची लाज वाटायला लागली होती. स्टेशनजवळ दोन नव्या इमारती झाल्या होत्या. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथे राहायची. बाबा तिथेही जात, अनवाणी, डोक्यावर टोपली घेऊन. आदल्या दिवाळीला एका दारातून आवाज आला होता, "पुढे जा, बाबा." बाबांनी ते ऐकलंच नाही, पान ठेवून मीठ ओतलं. मी मात्र वर्षभर ते ऐकत होते.

स्टेशनजवळच्या किराणा दुकानात मी गोष्टीची पुस्तकं वाचायला उभी राहत असे, रद्दीतून पुड्या बांधायला आणलेली. त्या दिवाळीत दुकानदाराने दारात रंगीत जिलेटिनचा आकाशकंदील टांगला होता. आमच्या दारावर तसा हवा असं मनात घेऊन मीच त्याला म्हटलं, "शेठ, पाडव्याचं मीठ पाकिटात घालून ठेवा की. लोक घेतील."

तो हसला. "बेटी, नमक तो सबके घर में है. वेगळं काय त्यात?"

"मी वर लिहून देते."

"मग लिही काहीतरी छान. अक्षर मोत्यासारखं आहे तुझं."

बाबांना मी सांगितलं, दुकानदाराला घरी मीठ हवंय. त्यांनी गोणभर भरून दिलं, "पैसं घेऊ नको हा," असंही म्हणाले. मी पैसे घेतले नाहीत. मी कंदील घेतला. पिवळ्या कागदाच्या पाकिटांवर काय लिहावं याचा दोन दिवस विचार केला. वाचलेल्या पुस्तकांतलं काहीच जमेना. मग लाल शाईने लिहिलं: दर्यानं दिलं, पावसानं ठेवलं, गोड मानून घ्या. अशी साठ-सत्तर पाकिटं लिहिली असतील. लिहिताना मला अभिमान वाटत होता.

पाडव्याला आम्ही गावातली घरं करून नव्या इमारतीत गेलो. पहिल्याच दारात बाबा वाकले, तेवढ्यात तिथे नव्याने राहायला आलेली बाई म्हणाली, "मीठ घेतलंय, काका. दुकानात पाकीट मिळतं आता. बघा, काय सुरेख लिहिलंय." आणि तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

बाबा वाकलेलेच राहिले.

"तुमचं केवढ्याला?" तिने विचारलं. तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं.

"इकत न्हाय, बाय."

"मग?"

या प्रश्नाला बाबांकडे एकच उत्तर होतं, आणि ते तिने आत्ताच वाचलं होतं. त्यांनी पाकीट मागून घेतलं. वाचता त्यांना येत नव्हतं, पण माझं अक्षर ते ओळखायचे. शाळेच्या वह्या रोज त्यांच्यासमोर असत. मी हातातली पानं मोजायला लागले.

"बरोबर वाचलंत," ते बाईला म्हणाले. तिने ते पाकीट त्यांनाच ठेवायला सांगितलं, तिच्याकडे आणखी दोन होती.

जिन्यात त्यांनी विचारलं, "तुजं अक्षर ना?"

"हो."

"चांगलं हाय."

उरलेलं मीठ त्यांनी मिठागरावर नेऊन राशीवर ओतलं, हाताने सारखं केलं आणि गवताने झाकलं. दारावर कंदील होता. तो त्यांनी काढला नाही, मला काढ म्हणालेही नाहीत. पुढच्या पाडव्याला मी पहाटे उठून पानं आणून ठेवली. ते म्हणाले, "दुकानात मिलतं ना आता लोकांना." मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मी पानं गुरांपुढे टाकली.

आता मी शाळेत मराठी शिकवते. खाल्ल्या मिठाला जागणे, या वाक्प्रचाराचा अर्थ दर वर्षी सांगावा लागतो. तो मी फळ्याकडे तोंड करून सांगते.

बाबांच्या पेटीत ते पाकीट सापडलं, धोतराच्या घडीत. इतक्या पावसाळ्यांत आतलं मीठ पाझरून गेलंय आणि धोतरावर त्याचा डाग पडलाय. कागद शिल्लक आहे. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येतं.