पाठवणीचा मूळ आवाज

२००६ सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका व्हिडिओ स्टुडिओत अडीचशे जीबीची हार्डडिस्क बंद पडली. केबल मी लावली होती. डिस्कवर मे महिन्यातली शेवटची चार लग्नं होती. तीन लग्नांची डीव्हीडी घरोघर पोचली होती आणि त्यांची कुणाची तक्रार नव्हती. चौथ्याची डीव्हीडीही पोचली होती. त्या लग्नातली मुलगी मात्र आदल्या दिवशी स्टुडिओत येऊन गेली होती.

स्टुडिओ म्हणजे लूमच्या गल्लीतली पहिल्या मजल्यावरची एक खोली. खाली चोवीस माग चालत, त्यामुळे वरची फरशी दिवसभर थरथरे. हार्डडिस्क त्या थरथरीने खराब होते असं मालकाचं मत होतं, म्हणून ती घडी घातलेल्या गोधडीवर ठेवलेली असे. कॉम्प्युटरच्या पंख्यात कापसाची पिंज बसे, ती दर शुक्रवारी, माग बंद असताना, जुन्या दाढीच्या ब्रशने काढायची. मालक खारबावचा. मी त्याच्याकडे एडिटिंग करत होतो.

काम असं चालायचं. कॅमेऱ्यातली टेप फायरवायरच्या केबलने कॉम्प्युटरला जोडायची आणि ती तासाची टेप तासभर बसून डिस्कवर उतरवायची. एक तास म्हणजे तेरा जीबी. एका लग्नाच्या चार टेपा. उतरवून झाल्या की त्याच टेपा पुढच्या लग्नाला. एक टेप तीन लग्नं काढायची, चौथ्याला चित्रावर चौकोन दिसू लागायचे. म्हणजे उतरवल्यानंतर लग्न फक्त डिस्कवर असायचं. डिस्कची दुसरी प्रत ठेवावी, असं आम्ही दोघंही अधूनमधून म्हणत होतो. ब्रॉडबँड आलं होतं. त्यावरून एक टेप पाठवायला किती दिवस लागतील, याचं गणित मालकाने एकदा मांडून बघितलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. ठाण्याच्या लॅबला काही द्यायचं असलं तर डिस्क पिशवीत घालून माणूस एसटीने जायचा. मानकोलीला ट्रक अडकले नसतील तर तासाभरात पोचायचा. भिवंडीतून डेटा बाहेर न्यायचा त्याहून वेगवान मार्ग आम्हाला माहीत नव्हता.

एडिटिंगचा एक नियम होता. पाठवणीला मूळ आवाज ठेवायचा नाही, गाणं टाकायचं. रडणं, बँड, हॉर्न, टेंपोवाल्याच्या शिव्या हे सगळं काढून त्यावर एक गाणं. गाणी तीन होती, गिऱ्हाइकाने निवडायची. मूळ आवाज ठेवा, असं तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुपारी ती मुलगी आपट्याची पानं घेऊन आली. माहेर खारबावजवळ, लग्न मे महिन्यात झालेलं. वडील भाद्रपदात गेले.

“डीव्हीडीत गाणं लावलंय तुम्ही पाठवणीला,” ती म्हणाली.

“तुमच्याच काकांनी निवडलं ताई,” मालक म्हणाला.

“गाण्याचं काय न्हाय. मी टेंपोत चढताना बाबा माझ्या कानाजवळ आले, काय तरी बोलले. बँड एवढा वाजत होता, मला काहीच ऐकू आलं न्हाय. मी आपली हो म्हटलं. हो म्हटलं, पण कशाला म्हटलं ते ठाऊक न्हाय. कॅमेरेवाले दादा बाजूलाच होते. तुमच्याकडं असेल ना ते?”

मालकाने असेल असं सांगितलं. पण त्या दिवशी लावून दाखवता येणार नव्हतं. खंडेनवमीला पूजा झालेली यंत्रं दसरा संपेपर्यंत हलवायची नाहीत, हा घरचा रिवाज. कॅमेरे, लाइट, कॉम्प्युटर, डिस्क सगळं पाटावर मांडलेलं होतं. परवा या, असं ठरलं.

पूजा मालकाच्या आईने केली होती. कॅमेऱ्याला कुंकू कुठे लावायचं याबद्दल तिला शंका नव्हती. डिस्कचा काळा डबा मात्र सगळीकडून सारखा होता.

“याचं तोंड कुठं हाय?” तिने मुलाला विचारलं.

मालकाने डबा फिरवून मागचं, केबल खुपसायचं पोर्ट दाखवलं. “इथनं खाते ती सगळं.”

तिने तिथे ओलं कुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या. मी बाजूलाच उभा होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गोधडी पसरली, डबा फडक्याने पुसला, केबल लावली. ती आत जाईना. उलटी धरली असेल असं समजून फिरवली आणि दाबली. पोर्ट जुनं होतं, कडा सैल झालेल्या. केबल आत गेली. वास आला, डब्यावरचा दिवा विझला. मी केबल काढली, सुलटी करून पुन्हा लावली. काही झालं नाही. त्या डब्याला दुसरं पोर्ट नव्हतं.

समोरच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता. आधी लूमवर होता, शिफ्टमध्ये माग सांभाळता सांभाळता मागांच्या मोटारी दुरुस्त करायला शिकला, तिथून इकडे आलेला. मालक आणि मी डबा घेऊन त्याच्या दुकानात गेलो. त्याने डबा उघडला, चिमट्याने पोर्टमधून काहीतरी काढलं आणि तळहातावर धरलं.

“भाई, इसमें चावल? बिर्याणी बनानी थी क्या?”

“अक्षता हाय ती,” मालकाची आई म्हणाली. ती आमचा जेवणाचा डबा द्यायला तिथे आली होती.

“अम्मा, दुआ दिल से देते हैं, पोर्ट में नहीं घुसाते.”

“तुज्या दुकानाची पण करते पूजा, येऊ का?”

“ना अम्मा, मेरा धंदा ऐसेही ठीक है.”

मग त्याने माझ्याकडे बघितलं. “और ये उल्टा किसने डाला?” मी सांगितलं. तो म्हणाला, दाणा फसल्यामुळे सुलटी जात नव्हती, म्हणून उलटी घातली, आणि उलटी गेल्यावर पॉवर डेटाच्या पिनांत गेली. डब्यातलं सर्किट जळलं होतं. आतली डिस्क जळली की नाही, हे तो लावल्याशिवाय सांगणार नव्हता.

त्याने डिस्क डब्यातून काढून आपल्या एका उघड्या कॉम्प्युटरला चपट्या केबलने जोडली. पहिल्या खेपेला डिस्क दिसली नाही. दुसऱ्या खेपेला पॉवरची वायर बदलली. तिसऱ्या खेपेला चार लग्नांचे चार फोल्डर दिसले.

“पहिली पाठवणी घे,” मालक म्हणाला. “लाइट गेली तरी तेवढं हातात राहील.”

मी त्या मुलीच्या लग्नाची चौथी, पाठवणीची टेप कॉपीला लावली. तेरा जीबीला अठरा मिनिटं लागली. बाकीचं कॉपी होत असताना लाइट गेली. यूपीएसने अकरा मिनिटं काढली. लाइट परत आल्यावर उरलेलं पूर्ण झालं. मालकाची आई तोवर दुकानातच बसून होती.

ठरल्याप्रमाणे ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली. सोबत नवरा होता, तो दारातच उभा राहिला. मी पाठवणी लावली. चित्रात टेंपो, बायका, बँडवाल्यांच्या पाठी. वडील पुढे येतात, तिच्या कानाशी वाकतात, ओठ हलतात, ती मान हलवते. स्पीकरवर फक्त बँड होता. आवाजाचे डावा-उजवा दोन्ही चॅनल वेगळे केले. बँड डाव्या बाजूला होता. डावा बंद करून उजवा वाढवला आणि हेडफोन तिला दिला.

तिने ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग हेडफोन काढून नवऱ्याकडे दिला.

“काय म्हणतात?” मालकाने विचारलं.

“टेंपोत पुढं बस, म्हणतात,” ती म्हणाली. “मागं बसलीस तर उलटी होल तुला.”

“तू मागंच बसली होतीस,” नवरा हेडफोन लावून म्हणाला. “कशेळीला थांबवायला लागली होती गाडी.”

“हो,” ती म्हणाली.

तिला तेवढंच हवं होतं. मोबाइलमध्ये येईल का, असं तिने विचारलं. तिच्या मोबाइलला ते जमत नव्हतं. मी उजव्या चॅनलचा आवाज वेगळा काढून एका सीडीवर दिला. सीडीवर एकच फाइल होती. तिची लांबी नऊ सेकंद.