टेकडीवरची बोअर

त्या वर्षी मी एका राष्ट्रासाठी पाणी शोधत होते. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, बॉथेल गावातल्या आमच्या घरून निघालं की आधी फेरीबोट, मग उंच झाडांतून जाणारा अरुंद रस्ता, आणि संध्याकाळी समुद्र. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, अमेरिकेत आणखी कसलं राष्ट्र? मी समजावलं, इथल्या मूळ लोकांची अशी पुष्कळ राष्ट्रं आहेत. त्यांची स्वतःची कौन्सिल असते, कोर्ट असतं, पोलीस असतात. हे त्यातलं अगदी लहान. समुद्रात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, तिच्यावर एक शाळा, दवाखाना, मासे उतरवायचा धक्का आणि घरं.

"मग त्यांना सरकार पाणी देत नाही का?" आई म्हणाली. आमच्या गावी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, पण शिव्या द्यायला नगरपालिका तरी होती.

मी म्हटलं, "आई, तिथे सरकार म्हणजे ते स्वतःच."

मी भूजलाची इंजिनियर. आमच्या कंपनीला त्यांनी बोलावलं होतं, कारण किनाऱ्याजवळच्या त्यांच्या विहिरी मचूळ व्हायला लागल्या होत्या. तिथे पाऊस इतका पडतो की लोकांनी छत्री घेणं सोडून दिलं आहे. पण जमिनीखाली घट्ट चिकणमाती, त्यामुळे बहुतेक पाणी वरच्या वर समुद्रात जातं. जे थोडं मुरतं ते खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वरचं गोडं पाणी जास्त उपसलं, की खालचं खारं वर चढतं. आणि उपसा तर वाढतच होता. कामधंद्यासाठी शहरांत गेलेली माणसं परत येत होती, लग्नं होत होती, मुलं होत होती. शाळेमागच्या माळावर नव्या घरांसाठी खुंट्या ठोकून त्यांना गुलाबी फिती बांधून ठेवल्या होत्या.

त्यांच्या पाणीखात्याची प्रमुख साधारण माझ्याच वयाची बाई होती. तीही तरुणपणी शहरात राहून परत आलेली. पहिल्याच दिवशी तिने मला माळावर नेऊन एक प्लॉट दाखवला. तिथे तिच्या मुलीचं घर होणार होतं. मुलगी, जावई आणि दोन नातवंडं टॅकोमा शहरात एका अपार्टमेंटमध्ये दाटीवाटीने राहत होती. स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे हवी, असं मुलीने बजावलं आहे, हे तिने मला हसत सांगितलं.

आम्ही समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं गेलो आणि टेकडीवर बोअर घेतली. पाणी लागलं, आणि गोडं लागलं. बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत लोक गाड्या काढून बघायला आले, कोणी धुरावलेला मासा आणला, कोणी कॉफीचे थर्मास. तिने कागदी कपातून पाणी पिऊन बघितलं आणि कपाचा फोटो मुलीला पाठवला. मी तिला सांगितलं की अजून पंप सलग चालवून बघायचा आहे, तोवर काही धरून चालू नकोस. "माहीत आहे," ती म्हणाली, "पण आज तरी पिऊ दे."

पंप काही दिवस सलग चालवला. पाण्याची पातळी उतरत गेली. ते अपेक्षितच होतं, कुठेतरी ती थांबायला हवी होती. ती थांबली नाही. पंप बंद केल्यावर पाणी परत वर यायला हवं होतं, तेही जेमतेम आलं. मातीच्या थरांत अडकून राहिलेलं ते जुनं पाणी होतं. नवं पाणी त्यात जवळपास येतच नव्हतं. आम्ही दोघी पावसात बोअरशेजारी उभ्या राहून आकडे बघत होतो. मला काही सांगावं लागलं नाही. तिने पंपावरची ताडपत्री ओढून घेतली आणि म्हणाली, कौन्सिलला तू सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी मुलीसाठी रडते आहे.

कौन्सिलची बैठक दवाखान्याच्या हॉलमध्ये झाली. मी सगळं मांडलं. हद्दीबाहेरून एक नदी वाहत होती, पण तिचं पाणी आधीच दुसऱ्यांच्या नावावर होतं. त्यावर आपला हक्क मिळवायला कोर्टात जावं लागणार, आणि अशा खटल्यांत पिढ्या जातात, हे त्यांच्या वकिलाने सांगितलं. माझ्या स्लाइड्सवर गॅलनचे आलेख होते. कौन्सिलचे अध्यक्ष, एक थकलेले वयस्क गृहस्थ, यांनी ते आलेख वाचले.

मग त्यांनी विचारलं, "आमच्या विहिरी टिकवायच्या असतील, तर किती माणसं इथे राहू शकतील?"

हे उत्तर माझ्याकडे होतं, पण माणसांच्या हिशेबात ते तोंडाने बोलायची वेळ याआधी माझ्यावर कधी आली नव्हती. मी म्हटलं, "आज जितकी राहतात, तितकी. तीही जपून वापरलं तर."

अध्यक्ष म्हणाले, त्यांच्या पणजोबांच्या काळात साथीच्या रोगांनी हे लोक मूठभर उरले होते, आणि बाहेरचे लोक म्हणायचे, यांचं आता संपलं. "आता कुठे आम्ही वाढायला लागलो होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी माझे आभार मानले. ते मला सगळ्यात जड गेलं.

नवी घरं थांबवावीत, ही शिफारस पाणीखात्याकडून यायला हवी होती. ती प्रमुख म्हणून तिनेच उभं राहून वाचली. समुद्रालगतच्या विहिरी बंद, बाकीच्या आळीपाळीने चालवायच्या, प्रत्येक घराला मीटर, शाळेच्या आणि दवाखान्याच्या छपराचं पाणी टाक्यांत. नदीसाठी खटला. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. बाहेर येऊन ती माझ्या गाडीत बसली आणि तिथूनच तिने मुलीला फोन लावला. मी उतरायला लागले तर तिने हाताने थांबवलं. ठराव झाल्याचं तिने सांगून टाकलं. मुलीने इतकंच विचारलं की मग आम्ही कुठे जायचं. जेवलात का, असं काहीतरी विचारून आईने फोन ठेवला.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, प्रोजेक्ट कसा झाला? मी म्हटलं, रिपोर्ट सबमिट केला. आमच्या कॉलेजातल्या लेकीने मान वर करून विचारलं, "So they just can't have more people?" मी हो म्हटलं.

पुढे तपासणीसाठी मी दरवर्षी जात राहिले. विहिरींचा खारेपणा आधी वाढायचा थांबला, मग किंचित उतरलाही. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात. खटला अजून चालू आहे. पाणीखात्याच्या प्रमुखाची मुलगी नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ डोंगरांच्या पलीकडे, राज्याच्या कोरड्या भागात गेली. नातवंडं उन्हाळ्यात येतात. त्यांना आपल्या लोकांची भाषा समजते, पण बोलायचा कंटाळा करतात, असं त्यांची आजी म्हणाली.

मागच्या खेपेला मी पाण्याचे नमुने घ्यायला शाळेत गेले, तर एक वर्गखोली कुलूपबंद होती. तरुण कुटुंबं बाहेर गेल्यामुळे पहिलीत मुलं फारच कमी आली होती, म्हणून त्यांना दुसरीच्या वर्गात बसवलं होतं. तिथल्या नळाचं पाणी गोडं होतं.