सात जन्मांची सहल

वटपौर्णिमेला वाळवंटात जायची टूम श्रेयामॅडमची. बहरीनमध्ये, अदलियात त्यांचा व्हिला, नवरा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि महिला मंडळ सगळं त्यांच्या मुठीत. दरवर्षी बायका कुंडीत खोचलेल्या वडाच्या फांदीला फेऱ्या मारत. यंदा पौर्णिमा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आली, तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं, ‘‘फांदी कसली पुजता? आपल्याकडे ट्री ऑफ लाइफ आहे. शेकडो वर्षांचं झाड! पूजाही होईल, पिकनिकही.’’

रखमा हूऱ्यातल्या दोन खोल्यांत बॅचलर लोकांचे डबे करायची. मंडळाच्या कार्यक्रमांचा स्वयंपाकही तिच्याकडेच असायचा. लांज्याकडची बाई, जीभ अडकित्त्यासारखी.

‘‘वड नाय, पिंपळ नाय, आणि म्हणे वटपौर्णिमा,’’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘‘उद्या गाय मिळाली नाय तर उंटाची वसुबारस करतील.’’

रावजीनं बसची किल्ली उचलली. तो सित्र्याच्या एका कंपनीची बस चालवायचा, आणि त्या शुक्रवारी मंडळानं तीच बस, त्याच्यासकट, मागून घेतली होती.

उजाडता उजाडता निघाले तरी पोचेपर्यंत ऊन डोळ्यांत खुपायला लागलं होतं. चहूकडे वाळू, लांबवर तेलाच्या नळ्या आणि मधोमध ते झाड. रखमा खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. वाकडं खोड, दमून जमिनीला टेकलेल्या फांद्या, चिंचेसारखी बारीक पानं. तिच्या गावच्या देवराईत भर दुपारी दिवा लावावा असा काळोख असे, आणि तिथल्या झाडांची खोडं तीन माणसांच्या कवेत मावत नसत.

‘‘ह्याला बघायला लोक विमानानं येतात?’’ ती पुटपुटली. ‘‘आमच्याकडे ह्याला काट्या म्हणून कुंपणाला घातलं असतं.’’

पैठण्या, नथी आणि काळे गॉगल घालून बायका झाडाकडे निघाल्या. रखवालदार आडवा आला. ‘‘मफी टच, मफी!’’ झाडाला हात लावायचा नाही, दोरा तर मुळीच बांधायचा नाही. मग श्रेयामॅडमनी तोड काढली: झाडाभोवतीच्या बसक्या कठड्यालाच दोरा गुंडाळायचा. म्हणजे पूजा सिमेंटची! बायका फेऱ्या मारू लागल्या. फेरी कमी आणि फोटो जास्त. मधूनमधून श्रेयामॅडम थर्मासातली कोल्ड कॉफी घोटभर घेत होत्या. ती म्हणे उपासाला चालते.

फांद्यांच्या सावलीत खदिजा नावाची एक म्हातारी बहरिनी बाई सतरंजी टाकून बसली होती. शेजारी खजुराची थाळी आणि गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली. ती मघापासून बघत होती. शेवटी तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, ‘‘ये क्या करता?’’

‘‘पती के लिए,’’ श्रेयामॅडम तोऱ्यात म्हणाल्या. ‘‘सात जनम यही पती मिले, इसलिए.’’

खदिजानं बोटं मोजली. ‘‘सात? सेम आदमी?’’

‘‘हां. सेम.’’

‘‘दुसरा मफी?’’ म्हातारीनं कळवळून विचारलं आणि मान हलवली. ‘‘मिस्कीन!’’ म्हणजे बिचारी.

रखमा अशी काही हसली की हातातलं दोऱ्याचं रीळ घरंगळत वाळूत गेलं.

श्रेयामॅडम फणकारल्या. ‘‘रखमामावशी, आपल्या संस्कृतीची चेष्टा होतेय आणि तुम्ही हसता?’’

‘‘मॅडम, तुमचे साहेब कुठे आहेत?’’

‘‘झोपलेत. आठवडाभर राबतात ते.’’

‘‘आमचे पण झोपलेत. ते बघा.’’

सगळ्यांनी वळून पाहिलं. बसच्या काचेमागे एसी लावून, तोंडाचा आ वासून रावजी घोरत होता. त्याच्याच आयुष्यासाठी त्याची बायको उपाशीपोटी उन्हात उभी होती.

लग्नानंतर कितीतरी वर्षं हा इकडे आणि ती तिकडे गावी. सासूचं दुखणं तिनं एकटीनं काढलं. सासू गेली तेव्हा हा तेरावं होऊन गेल्यावर उगवला, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न केला, म्हैस का विकलीस? तरी दर पौर्णिमेला रखमा याच माणसाला मागत आली होती. लोक काय म्हणतील म्हणून. आणि ते लोक म्हणजे या गॉगलवाल्या! तिला त्यांचा आला नाही एवढा स्वतःचा तिटकारा आला.

ती तडक खदिजाच्या सतरंजीवर जाऊन बसली आणि थाळीतला खजूर उचलून तोंडात टाकला.

‘‘उपास मोडला!’’ कुणीतरी किंचाळलं.

‘‘मोडला नाय,’’ रखमा बी थुंकत म्हणाली. ‘‘मी सोडला.’’

श्रेयामॅडमनी सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. रावजीला उठवून फर्मावलं, ‘‘यल्ला, चला. मावशी येतील टॅक्सीनं.’’

‘‘इथं टॅक्सी?’’ रावजीनं डोळे चोळत बाहेर पाहिलं. मग इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली. ‘‘बायको आल्याशिवाय बस हलायची नाय.’’ एसी थांबला. आत पैठण्या भिजू लागल्या.

तो येऊन सतरंजीच्या कडेला टेकला. खदिजानं त्याच्याही हातात पेला दिला.

‘‘मी खाल्लं,’’ रखमा म्हणाली. ‘‘पुढच्या जन्मी मी नाय. दुसरी बघा.’’

रावजीनं पेला फुंकून एक घोट घेतला. ‘‘मला दुसरी कोण देणार?’’

‘‘ते तुमचं तुम्ही बघा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा थांबलात माझ्यासाठी, आणि तेही मंडळाच्या वेळात,’’ ती म्हणाली. पण उठायची घाई तिनं केली नाही. मुद्दाम आणखी एक पेला मागून घेतला. बसमधून हॉर्न वाजत राहिला.

गणपतीत मंडळानं स्वयंपाक तिला दिला नाही. मोदक हॉटेलातून आले. रखमा मात्र रावजीला घेऊन गेली आणि थेट पहिल्या पंगतीत बसली. एक मोदक मोडून आत पाहिलं, नाक मुरडलं आणि तसाच पानाच्या कडेला सारला. रावजीनं तो उचलून गुपचूप खाऊन टाकला.