वैनींच्या दोरीच्या सात गाठी

गुंजवणे गावच्या, दुखरे सांधे चोळून देणाऱ्या वैनींवर अन्याय झाला तो युद्धाच्या चौथ्या वर्षी, भातलावणी उरकल्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, सकाळी दहा वाजता, भोरच्या टपालकचेरीच्या पायरीवर. स्थळ आणि वेळ मी बिनचूक सांगू शकतो, कारण अन्याय करणाऱ्याला मी जवळून ओळखतो. तो मीच. एरवी मी छापून वाटतो त्या पत्रकांत गुन्हेगार म्हणजे सरकार, संस्थान, नाहीतर झोपलेला समाज असे. या खेपेला मी पुष्कळ शोधलं. दुसरं कोणी सापडलं नाही.

वैनी माणसाला तोंडावरून ओळखत नसत, चालीवरून ओळखत. ओट्यावर तांदूळ निवडत असल्या तरी मान वर न करता म्हणत, "या पाटील. डावा खुबा कुरकुरतोय जनू आज." पाटील हसून म्हणत, "छे, झ्याक हाय मी." त्यावर वैनी, "तोंड हसतंय तुमचं. पायाला न्हाई जमत तसं."

चोळणं त्या सासूकडून शिकल्या होत्या. पण नुसत्या चोळण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "चोळून घ्यायला समदी येत्यात," त्या म्हणत, "हलवा म्हनलं की पळत्यात." खांदा धरलेल्या बाईला त्या आपल्याच घराची भिंत सारवायला लावत, रोज वीतभर वर. बाईचा खांदा सुटे आणि वैनींची भिंत लख्ख होई. शेजारणी यावरून टोमणे मारत, तेव्हा त्या म्हणत, "मग तुमच्या भिताडाला धाडू का तिला?"

माझी त्यांची ओळख माझ्या घोट्यामुळे झाली. वेल्ह्याच्या बाजारात बैलगाडीवर उभा राहून मी 'गंडेदोरे तोडून फेका' या विषयावर गरजत होतो. ऐन रंगात आलो आणि बैलाला पाणी दिसलं. दोन श्रोत्यांनी मला खालून उचललं, त्याच गाडीत घातलं आणि गुंजवण्याला वैनींच्या ओट्यावर आणून टाकलं. त्यांनी आधी राखेच्या शेगडीवर हात शेकले, आणि मग माझ्या सुजलेल्या घोट्याभोवती सुंभाची दोरी गुंडाळून तिला गाठ मारली. मी तत्त्व म्हणून डोळे मिटून घेतले. घरात खुंट्यांवर अशा गाठी मारलेल्या कितीतरी दोऱ्या लटकत होत्या. मी मनातल्या मनात निकाल दिला: बाई गुणी, पण अडाणी.

"भाषान बसून बी करता येतंया की, पत्रकदादा," त्या म्हणाल्या. हे नाव पुढे तालुकाभर झालं.

तीन आठवड्यांत मी चालू लागलो, आणि चालू लागलेला मी म्हणजे लोकांना तापच. मी ठरवलं, या बाईचा उद्धार करायचा. लढाईतल्या जखमींमुळे मालीश आणि व्यायामाचे उपचार शिकवून तयार करायला बायका हव्या होत्या. वर्तमानपत्रात दोन जाहिराती आल्या. एक मुंबईची: दोन वर्षं, इंग्रजीतून, दाखल्यावर भला मोठा शिक्का. दुसरी एका लहानशा मिशन दवाखान्याची: एक वर्ष, मराठीतून, चौथी पास चालेल, वय तिशीच्या आत. मी अर्थातच मुंबईच्या बाजूने तासभर बोललो.

वैनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तितं शिकवनारा हात लावून शिकवतो का फळ्यावर?"

मला माहीत नव्हतं.

"माझी पोरगी संगं ऱ्हाईल?"

तेही माहीत नव्हतं. मला शिक्का तेवढा माहीत होता.

"शिक्का मोठा म्हनून गुडघा जास्ती वाकतोय व्हय?" त्या म्हणाल्या. "त्या बारक्या दवाखान्यालाच लिवा. एकुनतीस सरतंय मला. औंदा न्हाई तर कदीच न्हाई. बारा वर्सं भायेरनं चाचपतेय, दादा. आत काय हाय ते येकदा बगू द्या."

अर्ज एका पानाचा होता. वय, शिक्षण, आणि आपण बऱ्या केलेल्या एका रुग्णाची हकिगत. वैनींनी कामथडीच्या सखाराम गाडीवानाची सांगितली. पायावरून चाक गेलं होतं. हाड जुळलं, पण गुडघा लाकडासारखा ताठ. "पयल्या दिशी टाचंपासनं बुडापत्तुर दोरी धरली, गाठ मारली. मंग दर आट दिसाला येक गाठ. सात गाठी झाल्या, तवा उकिडवा बसला."

दोरीचं मी गाळलं. दवाखान्यातली शिकलेली माणसं हसतील, आपल्या बाईचा गंडा झाकलेला बरा, असा माझा थोर विचार. रिकाम्या झालेल्या जागेत मी सरकार घातलं. 'रस्त्यांच्या दुर्दशेने चिरडलेला हा श्रमजीवी' इथून जो सुटलो तो चार पानं थांबलो नाही. पायरीवर वैनींनी हात पुढे केला. "बगू द्या की." चौथी शिकलेल्या होत्या, वाचता येत होतं.

"वैनी, टपालाची थैली निघेल," मी म्हणालो. त्यांनी एकेक अक्षर जपत सही केली. थैली बारा वाजता निघाली.

दसऱ्याच्या आधी उत्तर आलं. ते मीच ओट्यावर वाचून दाखवलं. 'हकिगत आवेशपूर्ण आहे. परंतु गुडघा किती वाकला व सुधारणा कशाने मोजली याचा उल्लेख नाही. मोजमाप ठेवणाऱ्या उमेदवारांना जागा दिल्या आहेत.'

"पन दोरी सांगितली हुती की म्या," वैनी म्हणाल्या.

मी मला काय वाटलं होतं ते सांगितलं. त्या आधी हसल्या. मग उठून खुंटीवरून एक दोरी काढली. "ही तुमची. ही गाठ पयल्या दिशीची सूज. ही दुसऱ्या आठवड्याची. ही बरा झाल्यावरची. तुमी डोळं मिटलं हुतं."

मी वहाणा शोधू लागलो. त्या सुपातले तांदूळ निवडू लागल्या होत्या, मान खालीच. "बसा, पत्रकदादा. टाच उचललीय तुमी. पळायच्या बेतात हाय."

मी बसलो. तिथेच दवाखान्याला पाच ओळींचं पत्र लिहिलं, सगळी चूक माझी म्हणून. या वेळी सात गाठींसकट, आणि आधी त्यांच्या हातात देऊन. उत्तर सभ्य आलं: पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, वयाची अट मात्र शिथिल होणार नाही. पुढच्या वर्षी वैनी तिशीपार होत्या. गुडघ्याच्या आत काय आहे ते त्यांना कोणी दाखवलं नाही. त्या अजून बाहेरून चाचपतात, आणि माणसं अजून त्यांच्या ओट्यावरून चालत घरी जातात.

माझी दोरी मी मागून आणली. ती माझ्या मेजासमोर टांगलेली आहे. मला सात-आठ विशेषणं सुचू लागली की मी तिच्याकडे बघतो. निम्मी तरी गळतात.

तुम्हाला लिहिता येतं. म्हणून उद्या कोणीतरी कोरा अर्ज घेऊन तुमच्या दारात येईल. ती सांगेल तेच लिहा. कळलं नाही तर तिला विचारा. आणि सही घ्यायच्या आधी कागद तिच्या हातात द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. टपालाची थैली निघाली तर निघू द्या.