दादांना ऊन लागलं नाही

आमच्या वडलांना आम्ही दादा म्हणतो, आणि सनबर्न नावाची काही गोष्ट जगात असते हे दादांना मान्य नाही. त्यांच्या हिशेबी उन्हाचा आजार एकच, ऊन लागणं. ऊन लागलं की चक्कर येते, उलटी होते, ताप भरतो. मग तळपायाला कांद्याचा रस चोळा, कैरीचं पन्हं पाजा, आणि तरी नाही भागलं तर नांदेडला नेऊन सलाईन लावा. ऊन लागतं ते आत. ते वरच्या वर कातडीलाही लागतं, हे भोकरच्या बाजूला आमच्या गावात कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. आणि त्यांचंही काय चुकलं? मे महिन्यात उघड्या अंगानं उन्हात जातो कोण? रानात जाणारा माणूस धोतर, लांब बाह्यांचा सदरा आणि डोक्याला दस्ती बांधूनच घराबाहेर पडतो. दस्ती म्हणजे खांद्यावरचा रुमाल. पुण्याच्या माणसाला दस्ती सांगितली तर तो खिशातला चौकोनी रुमाल काढतो, म्हणून सांगून ठेवते.

मी लातूरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शिकवायची ही खोड घरी आल्यावरही सुटत नाही, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. असो.

गेल्या उन्हाळ्यात किनवटच्या पुढं एका लग्नात मायला ऊन लागलं. नवरदेवाची वरात वेळेवर येईना, आणि आमची माय म्हणजे पाहुण्यांना टाकून सावलीत बसणारी बाई नाही. मांडवाच्या तोंडाशीच ती खाली कोसळली. दवाखान्यात ती डोळे उघडेपर्यंत दादा तिच्या खाटेपासून हलले नाहीत. डॉक्टरांनी सोडताना सांगितलं, "आता आजींना उन्हापासून जपा." बस! डॉक्टर एवढं बोलून मोकळे झाले, पण दादांनी ते जे धरलं ते धरलंच. मायला पापड वाळत घालायला सकाळी नऊनंतर गच्चीवर जायची बंदी झाली. शेजारणीकडं जायचं तरी दादा आधी बाहेर येऊन आभाळाकडं बघणार. "आँ? आभाळात काय लिहिलंय का?" असं माय करवादायची, पण ऐकायची.

अशात माझ्या पोरानं तिला मोबाईलवर वॉटर पार्कमधला लाटांचा तलाव दाखवला. मायनं तो परत परत बघितला. मग म्हणाली, "असं पाणी आपणहून अंगावर चालून येतंय व्हय? मला एकदा ह्याच्यात बसायचं हाय."

आता मायनं आजवर काय मागितलं? मिक्सरचं भांडं, आणि आम्ही भावंडं पास व्हावी. दादा म्हणाले, "कॅनॉलला पाणी सोडतेत तवा बघ की." "तुम्हीच बघा कॅनॉल," माय म्हणाली आणि आत निघून गेली. तिची पाठ वळल्यावर दादा माझ्यावर घसरले. "हे तुमच्या लेकराचे चाळे! तिला परत काही झालं तर?" मी म्हणलं, "दादा, मी आहे ना सोबत." ह्या वाक्यानं त्यांना कधीच धीर आलेला नाही, तेव्हाही आला नाही. शेवटी नातवंडांनी पाय धरले तेव्हा हो म्हणाले, पण अट घालून. मायचं तोंड जरा लाल दिसलं, तिनं नुसतं कपाळाला हात लावला, तरी तिथल्या तिथं उठवून आणायचं. आणि पुन्हा ह्या विषयाचं नाव काढायचं नाही.

औश्याच्या पुढं, रानाच्या कडेला एकानं मोठा पार्क काढलाय. दारात सिमेंटचा डायनासोर, आत पाळणे, खेळण्यातली रेल्वे, घसरगुंड्यांचे उंच मनोरे, राहायला खोल्या. दोन दिवस राहायचं ठरवून आम्ही सकाळी पोचलो. दारातच पहिली तकलीफ झाली. पिशवी तपासणारा पोरगा म्हणाला, "काका, बाहेरचं खायचं आत चालत न्हाई." आणि त्यानं आमच्या पिशवीतून कांदे बाहेर काढले. माणशी एक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादांनी घरून निघताना सगळ्यांसाठी आणले होते; ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची आमची जुनी रीत.

"खायाचे न्हाईत रे बाबा," दादा म्हणाले, "खिशात ठेवायचेत."

पोरानं इकडंतिकडं बघितलं. मग स्वतःच्या वर्दीच्या खिशाचं झाकण जरासं वर केलं. आत कांदा! "न्या," तो हळूच म्हणाला, "पर साहेबाला दावू नका." दादांनी माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका. जीवशास्त्राचा पार धुव्वा उडाला होता.

पण आत गेल्यावर कळलं की पाण्यात सुती कपडा चालत नाही. ना सदरा, ना बनियन, ना दस्ती. नायलॉनचे कपडे भाड्यानं घ्यायचे. मायला पायघोळ विजार आणि गुडघ्यापर्यंतचा झगा मिळाला. ती बाहेर आली तेव्हा तोंडावर हात धरून एकटीच हसत होती. दादांच्या मापाचा वरचा कपडा मात्र संपला होता, नुसती चड्डी मिळाली. जन्मात पहिल्यांदा दादा चारचौघांत उघड्या अंगानं उभे राहिले. मानेपर्यंत काळे, कोपरापासून खाली काळे, आणि मधला सगळा माणूस लख्ख गोरा. माझी पोरगी ओरडली, "आजोबा, तुम्ही गोरे आहात!" दादा म्हणाले, "गप गं." चड्डीला खिसा नव्हता. कांदा हातात धरून ते बराच वेळ उभे होते. शेवटी तो लॉकरमध्ये मोबाईलांशेजारी कुलूपबंद झाला.

मग मी माझी बाटली काढली. सनस्क्रीन पाण्यात उतरायच्या आधी लावायचं, कानामागं, मानेवर, पायाच्या पंजांवर विसरायचं नाही, पाण्यातून आलं की परत लावायचं, असं सगळं मी सांगितलं आणि नवऱ्याला, पोरांना आणि स्वतःला पांढरं करून टाकलं. मायनं वास घेऊन बाटली परत दिली. "फिनाईलवाणी वास येऊन राहिला," म्हणाली. दादा तर माझ्या हाताला लागेचनात. "नवरदेव हाय का मी? काय हळद लावून राहिली!" मी म्हणलं, "पाठ जळंल." "पाठ कशी जळंल? पाठीला चक्कर येती का?" मी कपाळावर हात मारला आणि पोरांमागं गेले.

लाटांचा तलाव अगदी उघड्यावर होता. वर पत्रा नाही, कडेला झाड नाही. माय उथळ कडेला मांडी घालून बसली. भोंगा वाजला, लाट आली, तिच्या छातीपर्यंत चढली आणि मागं गेली. माय अशी ओरडली की घसरगुंडीच्या रांगेत मला ऐकू आलं. मी धावत गेले तर बाई हसत होत्या. "आलं गं माय, आलं! आपणहून आलं!" पुढची लाट येईपर्यंत तिला दम नव्हता.

दादा मात्र बसायला तयार नाहीत. तिच्यापासून दोन हातांवर कमरेवर हात ठेवून उभे, तिच्याकडं तोंड करून. बँकेच्या दारातला चौकीदार तरी मधूनमधून बसतो. मी लांबून ओरडले, "दादा, बसा की खाली!" "मला पाण्यात बसायची सवय न्हाई." काठावरच्या शिट्टीवाल्या गार्डनं सांगून बघितलं, कुणाच्या तरी पोरांनी पाणी उडवून बघितलं. काही नाही. माझा नवरा दादांना मामा म्हणतो; तो म्हणाला, "मामा लाजतेत, उघडे आहेत ना." मला ते पटलं. भर दुपारी सगळे आत जाऊन जेवून आलो, बघते तर परत उभेच, फक्त आता मायच्या दुसऱ्या बाजूला. मी म्हणलं, चला, बाजू तरी बदलली, तेवढीच प्रगती. माय तर पाण्यातून हलायचं नावच घेईना. चहा नको, भजी नकोत. दादा तिचं तोंड न्याहाळत होते, मी दादांचं. आता उठवतील, मग उठवतील, असं मला वाटत राहिलं. पण पार्क बंद व्हायचा भोंगा वाजेपर्यंत त्यांनी तिला उठवलं नाही.

आमची गत काय झाली ते ऐका. सनस्क्रीन परत लावायचं होतं ते लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली नवऱ्याच्या मनगटाला, आणि नवरा कायम कुठल्यातरी मनोऱ्यावर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. संध्याकाळी खोलीत आलो तेव्हा नवऱ्याचं नाक टोमॅटो झालं होतं, पोरांचे खांदे लाल, आणि माझा भांग. होय, भांग! सगळीकडं बोटं फिरवली आणि केसांमधली ती एक रेघ विसरले. कंगवा लावला की डोळ्यांत पाणी येत होतं.

आणि माय? माय ताजीतवानी. तोंड लाल नाही, डोकं जड नाही. खुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत आम्हाला बोल लावत होती. "एवढं शिकलेले तुम्ही, आणि उन्हात कशाला हिंडलात? आमच्यावाणी सावलीत बसायचं."

"कुठली सावली, माय?"

"आम्ही बसलो तिथं. चांगली सावली व्हती की दिवसभर."

नवरा माझ्याकडं बघून हसला. मीही हसले. म्हणलं, पाण्याच्या नादात म्हातारीला ऊन कळलंच नाही. बरंच झालं, दादांची अट पाळली गेली, आता उद्याचा दिवसही आपला.

दादा खाटेच्या कडेला ताठ बसून चहा पीत होते. पोरगा मागून आला आणि लाडानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. कपबशी खाली, आणि दादांच्या तोंडून अशी शिवी निघाली की ती मी इथं लिहीत नाही. आम्ही सगळे उठलो. ते नको नको म्हणत असताना मी सदरा वर केला.

अरे देवा! मानेपासून कमरेपर्यंत पाठ लालभडक, मधे मधे पाण्याचे फोड धरायला लागलेले. हात लावला तर तव्यासारखी गरम. "दादा, हे काय करून घेतलंत? म्हणून सांगत होते ना मी! भाजलंय हे उन्हानं."

"मला ऊन लागलं न्हाई," दादा म्हणाले. "ताप न्हाई, चक्कर न्हाई. उगा बोंब मारू नको."

मी थंड पाण्याचा पंचा आणला, चांगला वेळ पाठीवर धरला. मायनं जेवणातली दह्याची वाटी ओढली आणि त्यांच्या मागं बसून हलक्या हातानं दही लावायला लागली. मी म्हणत होते की दही नको, कोरफड बघू, डॉक्टरांना फोन करू, पण माझं ऐकतंय कोण. मी पुढून त्यांना पाणी द्यायला गेले, आणि सदऱ्याच्या उघड्या गुंड्यांतून त्यांची छाती दिसली. छाती गोरीच होती. पोटही. लाल रंगाचं नाव नाही.

दिवसभर उघड्या तलावात असलेला माणूस एकाच बाजूनं कसा भाजतो? मी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, "दादा, तुम्ही दिवसभर उन्हाकडं पाठ करून का उभे होता?"

दादांनी पाण्याचा घोट घेतला.

मायचा हात थांबला. दह्याची बोटं तशीच हवेत. सकाळी ते कुठल्या बाजूला होते, जेवणानंतर कुठल्या बाजूला गेले, हे तिनं मनात एकदा फिरवून बघितलं असावं, कारण तिचं तोंड हळूहळू बदलत गेलं. ह्या माणसाला मी दिवसभर हसले होते.

"अहो," माय म्हणाली, "सांगायचं न्हाई व्हय मला?"

दादा भिंतीकडं बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर उठली असतीस की तू."