डेस पार्डोचे चार दिवे

त्या रविवारी डेस पार्डो मोटारींच्या जुन्या सामानाच्या बाजारातून घरी आला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात चार दिवे. डॅशबोर्डवर लुकलुकतात ते, बोराएवढे. पण साधे नव्हेत बरं का. जाड काचेचे, पैलू पाडलेले, भोवती पितळी कड्या. असे आता कुणी बनवत नाही, आणि ज्याच्याकडे आहेत तो सोडत नाही. बायको ग्लेनिस सँडविचच्या रांगेत उभी राहिली, तेवढ्यात या गड्याने तीन ताडपत्र्यांवरचा माल पालथा घातला आणि विकणाऱ्याकडून नावं सांगून मागून घेतले: वळणाचा हिरवा एक, लांब झोताचा निळा एक, तेलाचा आणि ब्रेकचा लाल असे दोन. परतीच्या वाटेवर दुसरा विषय नाही.

सत्तर वर्षांचा माणूस, पण नवा खेळ मिळालेल्या पोरासारखा. आणि का नसावा? इंग्लंडातल्या टिप्टन गावी चिंचोळ्या घरामागच्या गॅरेजात अकरा वर्षं खपून त्याने दोन माणसांची मोटार स्वतः बांधली होती. जन्मभर बसच्या आगारात पोचे काढलेले हात. पत्रा त्याचं मुकाट ऐकायचा. पण खरा अभिमान होता वायरिंगचा. एकूण एक तार त्याने एकट्याने ओढली, प्रत्येक टोकाला आकड्याची चिठ्ठी बांधून. कुणी हात लावायला गेला की अंगावर यायचा.

यामागचं कारण ग्लेनिसला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे डेसला ठाऊक नाही अशी तिची समजूत होती. सोळाव्या वर्षी डेसला रेल्वेत इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. डॉक्टरने रंगीत ठिपक्यांची वही समोर धरली आणि पोराला त्यात एक आकडा दिसेल तर शपथ. लाल आणि हिरवा त्याला एकच, दोन्ही चिखलासारखे. घरी येऊन म्हणाला, तारांची कामं आपल्याला आवडत नाहीत. हे सासूने ग्लेनिसला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं, आणि तिने ते शेहेचाळीस वर्षं पोटात ठेवलं. मोजे तीच जोडून ठेवायची. टोमॅटोही तीच तोडायची, तू झुडपं तुडवतोस म्हणून. नवऱ्याचा मान सांभाळायला बाईने किती खोटं बोलावं, याला काही सुमार आहे की नाही?

बुधवारी सरकारी तपासणी होती. त्यात रंग चुकलेला चालत नाही. पास झाली की गाडीला नंबर मिळणार आणि दोघं तडक वेल्सच्या किनाऱ्यावर जाणार. पण त्याआधी डेसच्या मोटारक्लबाचा रिवाज. आदल्या संध्याकाळी सगळे गाडीवेडे जमतात, मालक चालकाच्या जागी बसतो, क्लबातला सगळ्यात म्हातारा गडी एकेक बटण दाबतो, आणि जो दिवा लागेल त्याचा रंग मालकाने मोठ्याने सांगायचा. एकाने पूर्वी वळणाला पिवळा दिवा लावला होता. त्याला अजून सगळे ‘कस्टर्ड’ म्हणतात.

मंगळवारी सकाळी ग्लेनिस चहा घेऊन गॅरेजात गेली, तर दिवे डॅशबोर्डच्या अक्रोडी फळीत बसलेले. डेसने किल्ली फिरवली. काचा चमकल्या. वळणाचा दिवा लाल होता आणि तेलाचा हिरवा. काचा चकचकीत व्हाव्यात म्हणून त्याने चारही एकाच साबणाच्या पाण्यात बुडवल्या होत्या, आणि तिथे घोळ झाला होता.

सांगावं तर इतक्या वर्षांचं झाकलेलं उघडं पडतं. गप्प बसावं तर संध्याकाळी चौदा माणसं खो-खो हसतील आणि उद्या तपासणीतही नापास. तिने कप बॉनेटवर टेकवला. डेसने टोपी घातली आणि म्हणाला, हार्डवेअरच्या दुकानात जाऊन येतो, वेळ लागेल.

त्याची पावलं कोपऱ्यापलीकडे गेली आणि ग्लेनिस गाडीत शिरली. कड्या नुसत्या बोटांनी फिरल्या. दोन काचांची अदलाबदल केली, अ‍ॅप्रनने बोटांचे ठसे पुसले. जणू चोरीच करायला आलीय.

संध्याकाळी गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. शहाऐंशी वर्षांच्या हॉरेस ट्रँटरने पहिलं बटण दाबलं.

“हिरवा,” डेस म्हणाला.

मग निळा. मग लाल. आणि चौथाही लाल. टाळ्या, आरोळ्या, कुणी छपराचा पत्रा बडवला. ग्लेनिसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते तिने किटलीच्या वाफेवर ढकललं.

सगळे गेल्यावर डेसने तिच्या हातात छोटा पाना ठेवला.

“कड्या आवळायच्या राहिल्यात. आवळ.”

“मी?”

“सकाळी बोटांनीच फिरल्या ना? तुला फिरवता याव्यात म्हणून तर आवळल्या नव्हत्या. दोन तास कालव्याच्या काठावर थंडीत कुडकुडलो. मंगळवारी हार्डवेअरचं दुकान बंद असतं, बाई.”

“मला माहीत आहे हे तुला कधी कळलं?” ग्लेनिसने विचारलं.

“पहिल्याच वर्षी. आमची आई ती. तिच्या पोटात कधी काही राहिलंय?”

ग्लेनिसने त्याच्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली, आणि मग चारही कड्या स्वतःच्या हाताने घट्ट आवळल्या.

बुधवारी परीक्षक बराच वेळ डॅशबोर्डवर वाकून राहिला. शेवटी म्हणाला, दिवे सुरेख आहेत, कुणी लावले?

“तारा माझ्या,” डेस म्हणाला. “रंग बायकोने लावलेत. मला लाल-हिरवं कळत नाही.”

चोपन्न वर्षं अडकून पडलेलं वाक्य. परीक्षक नुसतं ‘बरं’ म्हणाला आणि कागदावर पुढची खूण केली.